चवथीचे पाहुणे आणि सहा आठवड्यांची पिल्लं

वाचकाचं पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घरी लॅब्रॅडॉरच्या दोन माद्या आहेत. यजमान नोकरी सांभाळून ब्रीडिंग करतात, पिल्लांचं सगळं मीच बघते. गेल्या दिवाळीच्या सुमारास मोठीची सात पिल्लं पार्व्होने आजारी पडली, त्यातली चार गेली. उलट्या, रक्ताचे जुलाब... तो वास अजून नाकातून जात नाही. आता धाकटी व्यायली आहे. आठ पिल्लं आहेत, आज तीन आठवड्यांची. घरात दुसरीकडे जागा नाही म्हणून त्याच पडवीत ठेवली आहेत.

चवथ बरोबर तीन आठवड्यांवर आली. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. मुंबईहून दीर-जावा येतात, वाड्यावरचे लोक आरतीला येतात आणि प्रत्येकाला पिल्लू हातात घ्यायचं असतं. सासूबाई म्हणतात, चवथीला दारात आलेल्याला 'हात लावू नका' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी रोज दोनदा फिनाईलने पुसते. गेल्या वेळीही पुसत होते. आईला सगळ्या सुया दिलेल्या होत्या. मग पिल्लांना झालं कसं?

आणखी एक. मडगावच्या एका गृहस्थांना पिल्लू चवथीच्याच दिवशी न्यायचं आहे. त्यांनी आगाऊ पैसेही दिलेत. काय करू?

— एक वाचक

उत्तर

वहिनी, आधी फिनाईलचं बघू, कारण तुमच्या घोळाचं मूळ तिथेच आहे.

फिनाईल, डेटॉल, साबण ही मंडळी काही विषाणूंना मारतात, सगळ्यांना नाही. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या एका रोगाच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं. साबणाने ते फाटतं आणि विषाणू संपतो. पार्व्होला असं आवरणच नसतं. त्यामुळे फिनाईलने पुसलेल्या फरशीवर तो आरामात राहतो. घरात तो निदान महिनाभर टिकतो. सावलीतल्या, ओलसर मातीत तर कित्येक महिने, कधी वर्षभरसुद्धा. म्हणजे दिवाळीत चार पिल्लं गेली ती पडवी तुमच्या नाकाला स्वच्छ वाटत असली तरी पार्व्होच्या लेखी ती अजून त्याचीच असू शकते. तुमच्या पुसण्यात कसूर नव्हती, औषध चुकीचं होतं.

पार्व्होला मारतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दुकानात मिळणारं साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या. एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली. आधी शी-शू, सांडलेलं खाणं, केस सगळं काढून साबणाच्या पाण्याने जमीन घासून धुवा. घाण राहिली की ब्लीचची ताकद त्या घाणीतच खर्च होते, आणि लघवीवर ब्लीच पडलं तर डोळे चुरचुरवणारा वायू सुटतो. धुतल्यावर ब्लीचचं पाणी ओता आणि दहा मिनिटं जमीन ओली राहू द्या. ही दहा मिनिटं कुणी थांबत नाही. लगेच फडकं फिरवून मोकळे होतात आणि मग म्हणतात ब्लीचचा उपयोग नाही. त्यानंतर साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मगच पिल्लं आत. पाणी रोजच्या रोज नवं कालवा, बाटली उन्हात ठेवू नका. फिनाईल किंवा संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका.

आता गोम अशी, की ब्लीच चालतं ते सिमेंटवर, टाइल्सवर, प्लास्टिकच्या टबावर. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, मातीवर, लाकडावर आणि आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर त्याचं काही चालत नाही. चिऱ्याची छिद्रं कोण धुणार? म्हणून पडवी सोडा. पिल्लं आजच हलवा.

घरात जागा नाही म्हणता, पण चवथीला मुंबईची आख्खी मंडळी त्याच घरात झोपतात ना? मागच्या बाजूची, पोरसाकडे (परसाकडे) उघडणारी एखादी खोली, कोठीची का असेना, फरशीची असली की झालं. ती रिकामी करा, ब्लीच करा आणि पिल्लं चवथ होऊन पुढे महिनाभर तिथेच ठेवा. फरशी नसेल तर खाली फ्लेक्सचा बॅनर अंथरा. चवथीच्या शुभेच्छांचे बॅनर आपल्या राज्यात कमी नाहीत, पुढाऱ्यांची तेवढीच सेवा घडेल. फक्त फ्लेक्स नुसता ठेवू नका, वर वर्तमानपत्रं आणि जाड टॉवेल घाला. गुळगुळीत जमिनीवर लॅबच्या पिल्लांचे पाय फाकतात, आणि या जातीचे खुबे आधीच नाजूक.

आईला सुया दिल्या, मग पिल्लांना कसं झालं, हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकाच्या दुधातून पिल्लाला तिची तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती उसनी असते. दर दहा दिवसांनी साधारण निम्मी होत जाते. ज्याने चीक पोटभर प्यायला त्याची जास्त दिवस पुरते, जो मागे राहिला त्याची लवकर संपते. खरी अडचण मधल्या काळाची. ही उसनी शक्ती रोग रोखण्याइतकी उरलेली नसते, पण दिलेल्या लसीला निकामी करण्याइतकी मात्र असते. त्या एक-दोन आठवड्यांत पिल्लू उघडं पडतं. हे दिवस कुणाचे सहाव्या आठवड्यात येतात, कुणाचे दहाव्या, कुणाचे त्याहून उशिरा. वरून बघून सांगता येत नाही. एका वेतातली चार गेली आणि तीन वाचली, त्यामागे बहुतेक हेच.

म्हणून एक सुई देऊन काम भागत नाही. सहा आठवड्यांना सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, ते पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तुमच्या घरात पार्व्हो येऊन गेलेला असल्यामुळे डिस्टेंपर-पार्व्होची लहान पिल्लांसाठी असते ती लस थोडी आधी सुरू करायची का, हे तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. मागचा इतिहास सांगायला लाजू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आठ आठवड्यांनंतर, तिचे दोन डोस. गोव्याच्या पावसात उंदरांनी मुतलेल्या पाण्यातून लेप्टो माणसांनाही होतो, तेव्हा तांदळाची पोती आणि कुत्र्यांच्या खाण्याचा डबा उंदरांपासून राखा. अंगणात भांडी भरून ठेवू नका. रेबीजची सुई बारा आठवड्यांना. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, म्हणून आता ती नको असं सांगणारे भेटतील. लसी दिल्या म्हणूनच तो जाहीर झाला, हे त्यांना ऐकवा.

आता हिशेब बघा. चवथीला तुमची पिल्लं नेमकी सहा आठवड्यांची. पहिली सुई जेमतेम झालेली किंवा व्हायची, उसनी शक्ती उतरणीला, आणि घरात बाहेरची माणसं. याहून वाईट मुहूर्त काढायचा म्हटला तरी निघणार नाही.

पार्व्हो कुत्राच घरी घेऊन येतो असं नाही. आजारी कुत्र्याच्या शीवर पडलेली चप्पल, साडीचा काठ, पँटची दुमडलेली कड, स्कूटरचं चाक, पोराचे अनवाणी पाय, एवढं पुरतं. आरतीला येणारा प्रत्येकजण चार घरं करून आलेला असतो, आणि त्यातल्या दोन घरांत तरी कुत्रं असतं. चपला दाराबाहेर काढतात हे आपलं भाग्य. पण हात? पोर आधी शेजारच्याच्या कुत्र्याला कुरवाळतं, मग तुमच्या पिल्लाला उचलून त्याच्या तोंडाशी तोंड लावतं.

सासूबाईंचं मला पटतं. दारात आलेल्याला नाही म्हणणं आपल्याकडे कठीणच, चवथीला तर अशक्य. म्हणून नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नका. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी, कडीला छोटं कुलूप, किल्ली तुमच्या कमरेला. पोरसाच्या बाजूला खिडकी असेल तर तिच्यातून बघू द्या, मोबाइलवर फोटो काढू द्या. पोरांना खिडकीपर्यंत घेऊन जायचं काम घरातल्याच एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला सोपवा. या वयातली मुलं नियम पाळण्यात मोठ्यांपेक्षा कडक असतात. आणि कुणी विचारलंच, तर सासूबाईंनी म्हणायचं, 'डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय.' बोल माझ्यावर येऊ द्या.

खोलीत जाणारी माणसं दोनच, तुम्ही आणि दुसरं कुणी एक. दारात आतल्या चपला वेगळ्या, आत टांगलेला जुना गाऊन वेगळा, साबण आणि पाणी तिथेच. ब्लीचच्या ट्रेमध्ये पाय बुडवून जायची पद्धत काही ब्रीडर सांगतात. पावसाच्या दिवसांत मातीने बरबटलेली चप्पल त्यात बुडवली की पाच मिनिटांत ते नुसतं गढूळ पाणी. चपलाच वेगळ्या ठेवणं सोपं. कामाचा क्रम सकाळी ठरवून टाका: आधी पिल्लं, मग त्यांची आई, मग मोठी कुत्री, अंगण झाडणं सगळ्यात शेवटी. अंगणातून परत पिल्लांकडे जायचं झालं तर हातपाय धुऊन.

आईचंही बघा. ती बाहेर जाऊन येते आणि पिल्लं तिलाच लुचतात. तिला रस्त्यावर नेऊ नका, पोरसाचा एक कोपरा ठरवा. पावसातून परतल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. यजमान दुसऱ्यांच्या घरी नर दाखवायला, मेटिंगला जात असतील तर पुढचे दोन महिने ते बंद. आल्याबरोबर अंघोळ केली तरी बंदच, कारण गाडीतल्या चटईला कुणी अंघोळ घालत नाही.

पिल्लं बघायला येणारी गिऱ्हाइकं पाहुण्यांपेक्षा जास्त धोक्याची. माणूस रविवारी निघतो आणि एका दुपारी तीन ब्रीडरांची पिल्लं हाताळतो. तुमचं घर त्याचं तिसरं. सहा आठवड्यांपर्यंत फक्त व्हिडिओ कॉल. नंतरही एका वेळी एकच कुटुंब, आधी विचारायचं, 'आज कुठल्या कुत्र्याला हात लावलाय का?' चांगलं गिऱ्हाईक या प्रश्नाने खूश होतं. जो चिडतो त्याला पिल्लू देऊच नये, हे माझं मत.

याचा अर्थ पिल्लांना अंधारकोठडीत घाला असा नाही. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला जन्मभर पुरतं. एकटं वाढलेलं पिल्लू पुढे भित्रं, चावरं होतं. तुम्ही दोघांनी रोज प्रत्येकाला मांडीवर घ्या. पंजे, कान, तोंड उघडून बघा. मिक्सरचा, कुकरचा आवाज होऊ द्या. लांबून घुमट वाद्य आणि आरती ऐकू येऊ द्या, ते उत्तमच. फटाके मात्र त्या खोलीच्या बाजूला नकोत. आई बिथरली की पिल्लांकडे लक्ष देत नाही.

गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगून बांधतो त्या माटोळीचं विसरू नका. कच्च्या सुपारीचा घोस बांधता, त्यातली सुपारी खाली पडते आणि पिल्लू चघळायला घेतं. सुपारीतलं अरेकोलिन पूर्वी कुत्र्यांच्या पट्टकृमीवर औषध म्हणून देत, आणि त्याने कुत्री इतकी आजारी पडत की ते मागे पडलं. सहा आठवड्यांच्या पिल्लाला एक सुपारी फार झाली. नेवऱ्यांच्या सारणातल्या, पायसातल्या मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक. 'प्रसाद आहे, एवढासा दिला तर काय होतं' म्हणणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. किल्ली तुमच्या कमरेला ठेवायला सांगितली ती तिच्यासाठीच.

जंतांचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाही, तेव्हा दिलं नसावं असं धरतो. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, अंकुशकृमी दुधातून. औषध दोन आठवड्यांना सुरू करून दर दोन आठवड्यांनी आठ आठवड्यांपर्यंत द्यायचं असतं. तुमचा पहिला डोस चुकला, आजच डॉक्टरांना फोन करा. पिल्लांबरोबर आईलाही द्या. 'गोळीचा पाव भाग' अशा अंदाजाने देऊ नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक पिल्लू तोला आणि वहीत लिहा. हे तोलणं रोज चालू ठेवा, एखाद्याचं वजन वाढायचं थांबलं तर तुम्हाला ते इतर कुठल्याही लक्षणाआधी कळेल. हिरड्या पांढुरक्या आणि शी डांबरासारखी काळी दिसली तर अंकुशकृमी रक्त पितायत. शी तपासून अंडी दिसायच्या आधीसुद्धा असं पिल्लू दगावू शकतं, रिपोर्टची वाट बघू नका. या कृमींच्या अळ्या दमट मातीत जगतात आणि माणसाच्या कातडीतही शिरतात, म्हणून पोरांनी कुत्र्यांच्या कोपऱ्यात अनवाणी फिरू नये. पावसात गोधड्या वाळत नाहीत. वर्तमानपत्रं वापरा, ओली झाली की फेका.

गोचिडी चिऱ्याच्या छिद्रांत अंडी घालतात, एकेक मादी हजारोंनी. खोलीच्या भिंतींचा खालचा दोन-तीन फूट भाग सिमेंटने गिलावा करून घ्या. तोवर चिमट्याने काढा. रॉकेल, डिझेल किंवा मोठ्या कुत्र्यांसाठी आणलेलं गोचिडीचं औषध पिल्लांना लावू नका. पिल्लांच्या वयाला चालणारं औषध डॉक्टर वजन बघून देतील.

आणि एवढं करूनही एखादं पिल्लू दूध सोडून कोपऱ्यात बसलं, ओकलं, तर त्याला त्याच क्षणी वेगळं काढा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उद्यापर्यंत थांबू नका. इतक्या लहान जिवाचं पाणी आणि साखर काही तासांत उतरते. हळद-ताक, घरातली जुलाबाची गोळी, पॅरासिटामॉल, काही नको. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं. उबदार ठेवा, खोक्यात घालून न्या. दवाखान्यात आधी फोन करून पार्व्होचा संशय असल्याचं सांगा आणि आत बोलवेपर्यंत गाडीतच बसा. तिथली फरशी म्हणजे गावभरच्या आजारी कुत्र्यांचा चव्हाटा. चवथीच्या दिवसांत तुमचे डॉक्टर गावी जाणार असतील. त्या पाच दिवसांत फोंड्यात, नाहीतर पणजी-मडगावात कोण उघडं आहे ते आत्ताच विचारून नंबर खोलीच्या दाराला चिकटवा.

राहिले मडगावचे गृहस्थ. त्यांना चवथीला पिल्लू देता येणार नाही. २०१७ च्या केंद्राच्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि तुमचं सहाचं असेल. त्याच नियमांत ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, एका मादीचं वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचच. यजमानांनी नोंदणी केली नसेल तर ती आधी करून घ्यावी. गृहस्थांना सांगा, चवथ उरकू दे, त्यानंतर दोन आठवड्यांनी या, तोवर पिल्लाची एक सुई झालेली असेल, दुसरी तोंडावर असेल, लसीचं कार्ड हातात मिळेल. शिवाय त्यांच्या घरीही चवथ आहे, पाहुणे आहेत, फटाके आहेत. आईपासून तुटलेलं पिल्लू त्या गोंधळात ते ठेवणार कुठे, हे त्यांना विचारून बघा. एवढं ऐकूनही अडून बसले तर आगाऊ घेतलेले पैसे परत करा. आठ पिल्लं आहेत, लॅबला गिऱ्हाईक मिळेल.